हरलेल्या पोरासाठी अख्खा बाक उभा राहिला! (शाळेतली सांघिक कुस्ती)

मक्याचं_रान | १६ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. कुस्तीवर धागा काढायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. माहेर डोंबिवली, सासर सदाशिव पेठ. दोन्ही घरांत मिळून कुणी जोर लावला असेल तर तो पाण्याचं पिंप सरकवताना.

सहा वर्षं झाली, आम्ही आयोवात आहोत. मुलगा सातवीत, वय बारा, वजन ८३ पौंड, म्हणजे साडेसदतीस किलोच्या आसपास. नोव्हेंबरात शाळेतून कुस्तीचा फॉर्म घेऊन आला. आठवड्यात कंटाळेल म्हणून मी सही केली. नाही कंटाळला. पहिल्या दोन कुस्त्यांत मिनिटाच्या आत चीत झाला, तरी दुसऱ्या दिवशी बूट घेऊन हजर.

काल तिसरी कुस्ती होती. पोरगा ११-३ असा मागे. दहा-बारा सेकंद उरलेले, समोरचा पाठीवर बसलेला, आमचा पोटावर. मी मनातल्या मनात गाडी सुरू केली होती. तेवढ्यात आमच्या बाकावरची सगळी पोरं उभी राहिली आणि "आउट! आउट!" ओरडायला लागली. तो कसाबसा सटकला, पंचांनी एक बोट वर केलं, ११-४. घंटा झाली. हरला!

आणि बाक नुसता नाचायला लागला. त्यांच्यातला सगळ्यात जाडा मुलगा, ज्याच्या एका मांडीत माझा पोरगा मावेल, त्याने याला उचलून घेतलं. गाडीत मी विचारलं, "अरे, हरलास ना?" तर म्हणाला, "आई, मी एक पॉइंट वाचवला." पुढे काही सांगितलं नाही, सँडविच खात बसला.

मला कुणी समजावेल का? शिवाय बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर संघाचं ओझं घालावं का, हाही प्रश्न आहेच. आणि सासूबाई रोज फोनवर विचारतात, "कान फुटले का?"

---

डेमॉइनचा_दादा | १६ जानेवारी, रात्री ११:०५

वहिनी, अभिनंदन. तुमच्या पोराने काल खरंच कमावलं.

शाळा विरुद्ध शाळा सामना असतो, त्याला इथे ड्युअल मीट म्हणतात. प्रत्येक वजनगटात दोन्हीकडचा एकेक उतरतो. कुस्तीतले गुण वेगळे, संघाच्या खात्यात पडतात ते वेगळे. चीतपट केलं की संघाला ६. पंधरा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबवतात, त्याचे ५. आठ ते चौदाच्या फरकाने जिंकलात तर ४, त्याहून कमी फरकाने जिंकलात तर ३. आणि एखाद्या वजनात तुमच्याकडे पोरगाच नसेल तर समोरच्याला बसल्या जागी ६.

आता ११-३ म्हणजे फरक आठचा, समोरच्या संघाला ४ मिळाले असते. ११-४ म्हणजे सातचा, मिळाले ३. बाक कशासाठी ओरडत होता कळलं ना? आणि आधीच्या दोन वेळा चीत होऊन त्याने सहा-सहा दिले होते. म्हणजे महिन्याभरात सहावरून तीनवर आला.

माझा थोरला आता हायस्कुलात आहे. सातवीत त्याने सगळी मिळून एकच कुस्ती जिंकली होती. पण त्याला एक काम होतं: पाठ लागू द्यायची नाही. इथे दोन्ही खांदे दोन सेकंद गादीला टेकवून ठेवावे लागतात तेव्हा चीत धरतात. ते दोन सेकंद न देण्यासाठी तो मानेवर पूल करून, पाठ हवेत धरून, असा काही लटकायचा की मला बघवायचं नाही. बास्केटबॉलमध्ये कच्चा पोरगा बाकावर बसतो. इथे त्याला हरतानाही काहीतरी करण्यासारखं उरतं.

---

शंकासुर | १७ जानेवारी, सकाळी ८:४०

वाईटपणा घेतो. हिशेब छान आहे, पण त्याची दुसरी बाजू बघा. ज्या मुलाच्या चीत होण्याने सामना गेला, त्याचं काय? क्रिकेटमध्ये झेल सुटला तर अकरा जणांत विरघळून जातो. इथे गादीवर तो एकटा, अंगात तंग कपडे, शाळेतल्या पोरी बघतायत, आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे सहाचा आकडा. तेराव्या वर्षी हे सोसण्याइतकं मन तयार असतं का?

दुसरं, वजन. "त्या गटात आपल्याकडे कुणी नाही, तू दोन किलो उतरव" असं कोचने म्हटलं की पोरं जेवण सोडतात. संघाच्या प्रेमापोटी सोडतात, ते तर आणखी वाईट.

---

गंगावेशीतला | १७ जानेवारी, दुपारी १:१५

शंकासुर, तुमचं दुसरं म्हणणं सोळा आणे बरोबर. पहिल्याबद्दल सांगतो.

मी सातवीत असताना वडलांनी कोल्हापुरात तालमीत आणून सोडलं. पहाटे चारला उठायचं, आखाड्याच्या हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायची, मग जोर, बैठका, सपाट्या. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. अजून कुठं तो वास आला की मला भूक लागते. लढती एकट्याच्याच. पण एकट्याला सराव करता येतो का? दोर चढाल, बैठका माराल, डाव मात्र कुणाच्या तरी अंगावरच शिकावा लागतो. वस्ताद थोरल्या पैलवानांना सांगायचे, "ह्याला खेळीव." खेळीव म्हणजे हाण नव्हं. ऐंशी किलोचा गडी पस्तीस किलोच्या पोराबरोबर खडाखडी, म्हणजे उभ्यानं झटापट करतो, पटाचा डाव करू देतो, मधीच ढाकेचा डाव मारून दाखवतो, पण मान धरून हळू टेकवतो. ताकद असून ती किती वापरायची हे त्या गड्याला शिकावं लागतं, आणि उद्या त्या पोराला. ताईंच्या पोराला त्या जाड्या मुलानं उचललं म्हणता ना, तो रोज त्याला खेळवत असणार.

आणि जत्रेच्या फडात लहान गडी मोठ्या पैलवानाला पाठ न लावता बरोबरीत सुटला तर हलगी कुणासाठी वाजती? लहानासाठीच. लोक खिशातली दहाची नोट त्याच्याच हातात देत्यात.

वजनाचं मात्र ऐका. एका निवड चाचणीच्या आधी दोन दिवस माझं पाणी तोडलं होतं. कुणी ते सांगत नाही. काट्यावर चढलो, वजनात बसलो, आणि खाली उतरताना चक्कर येऊन पडलो. कुस्ती लांबच राहिली. माझ्या पोरावर ही वेळ आली तर मी त्याला त्याच दिवशी घरी आणीन.

---

मक्याचं_रान | १७ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

दादा, आता फळ्यावरचे आकडे कळले. इतके दिवस मला वाटायचं कुणीतरी चुकीचे लिहितंय.

गंगावेशीतला, तुम्ही म्हणता ते मुलाला विचारलं. हो, तोच. सराव बरोबरीच्या वजनाच्या जोडीदाराबरोबर असतो, पण शेवटची दहा मिनिटं हा थोरला मुद्दाम लहानांत येऊन बसतो. "तो मला फक्त एक हात वापरून खेळतो," म्हणे.

---

पीटीचा_तास | १८ जानेवारी, सकाळी ६:५०

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. धागा वाचून राहवलं नाही.

आपल्याकडे शालेय कुस्ती आहे, व्यवस्थित आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. पुढे दहावी-बारावीला क्रीडा गुणही मिळतात, त्यामुळे पालकांचा विरोध जरा मवाळ होतो. पण हे सगळं एकेकट्याचं. माझ्या शाळेची पाच पोरं तालुक्याला नेली तर चार जण दुपारपर्यंत हरून वडापाव खात झाडाखाली बसतात आणि पाचव्याची कुस्ती बघायलाही येत नाहीत. दोष त्यांचा नाही. त्याच्या जिंकण्यात त्यांचं काही नसतं.

म्हणून गेल्या वर्षी शेजारच्या शाळेतल्या मित्राला म्हटलं, सात वजनं ठरवू आणि शाळा विरुद्ध शाळा लावू. गुण वर दादांनी दिले तेच. वजनं पोषण आहाराच्या तांदळाच्या काट्यावर केली. आमच्याकडे ४२ किलोला कुणीच नव्हतं, म्हणजे सहा गुण आधीच गेले. हे कळल्यावर माझी पोरं मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून ४२ किलोचा माणूस शोधत हिंडली! शेवटी आठवी 'ब' मधून एकाला धरून आणलं. हा पोरगा दोन वर्षं पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून बसून असायचा. त्याला तीन आठवडे सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट शिकवली, पाठ कशी द्यायची नाही. सामन्यात तो १४-२ ने हरला. गेले चार. वाचले दोन. सामना आम्ही हरलोच, पण तो पोरगा अजून सरावाला येतो. पोट दुखायचं थांबलंय.

या वयाची गंमत अशी की सातवी-आठवीच्या एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि शेजारचा चौथीतल्यासारखा दिसतो. कबड्डीचा संघ निवडताना माझा हात आपोआप मिसरुडाकडे जातो, खोटं कशाला बोलू. वजनगटांमुळे किडकिडीत पोरगंही हवंसं होतं.

जाता जाता खाशाबांचं सांगतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे बहुतेकांना माहीत असतं. पण जपानच्या इशीईबरोबरची दमवणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावलं गेलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती, पण ती मागायला तिथे आपला एकही पदाधिकारी नव्हता. कांस्यपदक मिळालं. कोपऱ्यात आपला माणूस बसलेला असणं म्हणजे काय, हे मी पोरांना याच गोष्टीतून सांगतो.

---

डेमॉइनचा_दादा | १८ जानेवारी, सकाळी ७:३०

सर, ४२ किलोचा माणूस!! वाचून बायकोला उठवून सांगितलं.

खाशाबांचा अमेरिकेशीही धागा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला मातीतून थेट गादीवर गेले, तेव्हा त्यांना गादीवरचे डाव शिकवणारे रीस गार्डनर अमेरिकन होते. तिथे ते सहावे आले.

---

स्टेथो | १८ जानेवारी, रात्री ९:००

डॉक्टर म्हणून थोडं पाणी ओतते. रागावू नका.

शंकासुर यांनी काढलेला वजनाचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरच्या साधारण महिनाभरात तीन कॉलेज मल्ल घाम गाळून वजन उतरवताना दगावले. रबरी सूट, तापवलेली खोली, पाणी बंद. त्यानंतर नियम बदलले. आज हायस्कुलात हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून शरीरात पुरेसं पाणी आहे ना हे बघतात, चरबी मोजतात, मुलांना ७ आणि मुलींना १२ टक्क्यांखाली जाईल असं वजन लढू देत नाहीत, आणि आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायला परवानगी नसते. पण मिडल स्कूलमध्ये हे सगळं सगळीकडे असतंच असं नाही. तिथे पहारेकरी आईबापच. वाढत्या वयाच्या पोराने वजन *उतरवायचं* नाही, एवढा एकच नियम घरात ठेवा. वर सरकला तर वरच्या गटात खेळेल, हरेल, बिघडत नाही.

त्वचा: नायटा आणि पुटकुळ्या गादीवरून आणि अंगावरून पसरतात. सराव संपल्या संपल्या साबणाने अंघोळ, घरी आल्यावर नव्हे. कपडे रोज धुवायचे, टॉवेल कुणाला द्यायचा नाही. गोल लाल चट्टा दिसला की दाखवायचा, लपवायचा नाही. संघ बुडेल म्हणून पोरं लपवतात.

कान: सासूबाईंना सांगा, इथल्या शालेय कुस्तीत कानांवर पट्ट्याचं संरक्षण घालावंच लागतं. कान "फुटतो" म्हणजे घर्षणाने आत रक्त साचतं आणि वेळेवर काढलं नाही तर ते घट्ट होऊन बसतं. सराव करतानाही पट्टा हवा, पोरं तिथेच काढून ठेवतात.

आणि डोकं. उचलून आपटणं शालेय नियमांत निषिद्ध आहे, तरी खांदे, गुडघे, डोकं यांना दुखापती होतात. डोक्याला लागून मूल गोंधळल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी पुन्हा गादीवर नाही, सामना कितीही अटीतटीचा असो.

एवढं सांगून झाल्यावर: माझी भाची खेळते आणि मी तिला थांबवलेलं नाही.

---

चांदणी_चौक | १९ जानेवारी, सकाळी ११:१०

स्टेथोताई, भाची म्हणालात म्हणून लिहिते. सगळा धागा "पोरगा, पोरगा" चाललाय!

माझी लेक सांगलीत तालमीत जाते, सहावीत आहे. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हापासून हिचं सुरू. आमच्या सासऱ्यांनी आधी महिनाभर अबोला धरला. आता तेच सायकलवरून सोडायला जातात आणि बाहेर बसून इतर पोरींच्या आज्यांना डाव समजावतात, निम्मे चुकीचे.

मला दिसलेला फरक सांगू? ती आता "नको" म्हणते. रिक्षात शेजारचा माणूस सरकत आला तर आधी आक्रसायची. आता कोपर मध्ये ठेवते आणि बघते त्याच्याकडे.

---

डेमॉइनचा_दादा | १९ जानेवारी, दुपारी १२:००

बरोबर, चूक मान्य. इकडेही मुलींची कुस्ती झपाट्याने वाढतेय. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) महिला कुस्तीला राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेचा दर्जा दिला.

---

शंकासुर | १९ जानेवारी, रात्री १०:४५

सरांचं पोटदुखीवालं पोरगं वाचलं. ठीक आहे, अर्धा पराभव मान्य. ११-४ समजा.

पण पहिला प्रश्न अजून तसाच आहे. ज्याच्यामुळे सामना जातो त्याच्याशी बाक कसा वागतो? मला लहानपणी खो-खोच्या संघातून एका सामन्यानंतर सगळ्यांसमोर काढलं होतं. शाळेचं नाव नको. पस्तीस वर्षं झाली, मी अजून खो-खो बघत नाही. म्हणून विचारतोय, केवळ वाद म्हणून नाही.

---

पीटीचा_तास | २० जानेवारी, सकाळी ६:३०

शंकासुर, हे आधी सांगायला हवं होतंत.

उत्तर सरळ आहे आणि फारसं दिलासा देणारं नाही: ते पूर्णपणे कोचवर असतं. गुणांची पद्धत काही पोरांना चांगलं करत नाही. मी एवढंच करतो की सामन्यानंतर शेवटच्या कुस्तीबद्दल बोलायचं नाही. फळ्यावर सातही आकडे असतात. सामना चार गुणांनी गेला तर ते चार कुठेकुठे होते हे पोरांनाच शोधायला लावतो. बहुतेक वेळा ते जिंकलेल्या पोरांकडे सापडतात. चीत करता आलं असतं, पण आघाडी आहे म्हणून वेळ काढला, तीनच आणले. मग जिंकलेल्याचीही मान जरा खाली जाते आणि हरलेल्याची जरा वर येते. ज्या कोचला हे करायचं नसेल त्याच्याकडे पोरगं घालू नये.

---

गंगावेशीतला | २० जानेवारी, सकाळी ९:००

सर, तुमच्याकडं वस्ताद म्हणून यायला पाहिजे होतं मला. शंकासुर, कोल्हापूरला या. खासबागला कुस्ती दाखवतो, मग मिसळ. खो-खो राहू द्या.

---

मक्याचं_रान | १३ फेब्रुवारी, रात्री ११:३०

धागा वर काढतेय, हंगाम संपला.

मध्ये एकदा कोचने विचारलं होतं, याला खालच्या गटात बसवता येईल का, तिथे जागा रिकामी आहे. मुलगा लगेच तयार, रात्री पोळी परत केली. स्टेथोताईंचा परिच्छेद मी नवऱ्याला वाचून दाखवला आणि दोघं जाऊन कोचला नाही म्हणून आलो. वाटलं होतं तोंड वाकडं करतील. "बरं झालं सांगितलंत" म्हणाले आणि विषय संपला. ती जागा रिकामीच राहिली, दर सामन्याला सहा गेले. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. त्याचं म्हणणं, "तुझ्यामुळे सहा." या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

एकूण नऊ कुस्त्या. जिंकला दोन. त्यातल्या एकीत समोरचा मुलगा त्याच्याहून नवा होता, हे त्याने आपण होऊन सांगितलं. शेवटच्या सामन्यात तो जाडा मुलगा स्वतः चीत झाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. माझा चिरंजीव पाण्याची बाटली घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला. बोलत काहीच नव्हते. दहा मिनिटं तसेच.

सासूबाईंना पुण्यात सगळे व्हिडिओ जातात. परवा फोनवर मी म्हटलं, "हरला हो आज." तर पलीकडून, "ते राहू दे गं. पाठ लागली का?"

नाही म्हटलं.

"मग किती दिले? तीन का चार?"